बिल्डर्स असोसिएशनवाले रॅम्पही बांधतात आणि कौन्सिलमध्ये भांडतातही, हे नक्की आहेत कोण?

अबोली:

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. आम्ही वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या वर स्नोहोमिश काउंटीत राहतो. मागच्या मे महिन्यात समोरच्या घरातल्या आजींकडे (व्हीलचेअरवर असतात, एकट्याच राहतात) शनिवारी सकाळी ट्रकभर लाकूड आणि दहाबारा माणसं आली आणि संध्याकाळच्या आत पोर्चपासून ड्राइव्हवेपर्यंत चांगला दणकट रॅम्प उभा करून गेली पण. एक पैसा घेतला नाही. चौकशी केली तर कळलं की किंग आणि स्नोहोमिश काउंटीची जी मास्टर बिल्डर्स असोसिएशन आहे तिचा रॅम्पॅथॉन म्हणून दरवर्षीचा उपक्रम आहे, त्यातलं ते काम. मला फार भारी वाटलं.

आता गंमत अशी की पुढे सिटी कौन्सिलमध्ये एका प्लॉटवर जास्त घरं बांधू देण्याच्या नियमावर सुनावणी होती, तिथे याच असोसिएशनतर्फे एकजण बोलायला उभा. आमच्या गल्लीतले निम्मे लोक तेव्हापासून भडकलेत, ही बिल्डर लॉबी आहे, रॅम्पबिम्प सगळा दिखावा आहे, यांना फक्त झाडं तोडून टाउनहाऊस विकायचीत वगैरे वगैरे. आणि त्यात आम्ही स्वतःच सध्या नवीन टाउनहाऊस बघतोय, आणि तिथली सेल्सवाली बाई दर पाच मिनिटांनी "आमचे बिल्डर असोसिएशनचे मेंबर आहेत हं" असं ऐकवते, जसं काही ते आयएसआय मार्क आहे.

तर मला एवढंच कळून घ्यायचंय की ही संघटना नक्की करते काय, मेंबर आहे म्हणजे बिल्डर चांगला असं समजायचं का, आणि हे जे समाजकार्य आहे ते खरं की फोटोपुरतं. नवऱ्याच्या ऑफिसात व्हॉलंटिअरिंगचे तास भरायचे असतात म्हणून तोही विचारतोय की रॅम्पला जाऊ का, त्याला हातोडी धरता येत नाही ही गोष्ट वेगळी. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

सुतारपक्षी:

अबोलीताई, मी एका रिमॉडेलिंग कंपनीत एस्टिमेटर आहे, आमची कंपनी मेंबर आहे, त्यामुळे मी काही तटस्थ नाही हे आधीच सांगतो, त्या हिशोबाने वाचा.

पहिली गोष्ट, ही धंदेवाल्यांची संघटना आहे. समाजसेवा करायला स्थापन झालेली नाही, धंदा नीट चालावा म्हणून झालेली आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. इथली तर १९०९ सालची आहे, देशातल्या सगळ्यात जुन्या लोकल संघटनांमधली. राष्ट्रीय पातळीवरची एनएएचबी (नॅशनल असोसिएशन ऑफ होम बिल्डर्स) त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली, १९४२ मध्ये. साधारण रचना अशी की लोकल, त्यावर राज्याची, त्यावर राष्ट्रीय, आणि बहुतेक ठिकाणी लोकलला वर्गणी भरली की वरच्या दोन्हीकडे आपोआप मेंबर होतो. देशभरात अशा राज्य आणि लोकल मिळून ७०० च्या आसपास संघटना आहेत.

लोकांना वाटतं सगळे मेंबर बिल्डर असतात. तसं नाहीये. एनएएचबीच्या मेंबरांत बिल्डर आणि रिमॉडेलर मिळून एक तृतीयांशच्या आसपास भरतील, बाकी सगळे "असोसिएट", म्हणजे प्लंबर, इलेक्ट्रिशियन, खिडक्यावाले, लाकडाच्या वखारी, बँकवाले, टायटल कंपन्या, इन्शुरन्सवाले. हे मुद्दाम सांगतोय कारण रॅम्पचं सगळं गणित याच लोकांवर चालतं. लाकूड वखारवाला देतो, ट्रक दुसरा कोणीतरी देतो, डिझाइन कोणाचातरी ड्राफ्ट्समन फुकट काढून देतो आणि आमच्यासारखी एखादी कंपनी एक रॅम्प अंगावर घेऊन आपला क्रू पाठवते. उद्या मी एकट्याने ठरवलं की आजींना रॅम्प बांधून देतो तर मला लाकडालाच घाम फुटेल. संघटनेकडे फोन नंबर असतात हो, तीच तिची ताकद.

आता रॅम्प ही काय चीज आहे ते सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं चार फळ्या ठोकल्या झालं. नियम १ ला १२ चा. म्हणजे जेवढे इंच चढायचं तेवढे फूट लांबी. पोर्च जमिनीपासून ३० इंच वर असेल (इकडच्या घरांना सहज असतो, खाली क्रॉलस्पेस, म्हणजे सरपटत जाण्याएवढी पोकळी असते) तर ३० फूट रॅम्प लागणार! एवढी लांबी कोणाच्या अंगणात सरळ बसते? मग तो एल किंवा यू आकारात वळवायचा, वळणावर पाच बाय पाचचं सपाट लँडिंग, कारण व्हीलचेअर उतारावर वळत नाही. आणि ३० इंच चढ झाला की लँडिंग द्यावंच लागतं, माणसाचे हात भरून येतात. दोन्ही रेलिंगच्या मध्ये ३६ इंच मोकळी जागा, हँडरेल ३४ ते ३८ इंच उंचीवर, आणि कडेला खाली एक पट्टी की चाक घसरून बाहेर जाऊ नये. खासगी घराला एडीएचा, म्हणजे अपंगांच्या हक्कांचा कायदा लागू नाही खरा पण आकडे सगळे तिथलेच वापरतात कारण ते वापरातून सिद्ध झालेले आहेत. आणि इथला मे महिना म्हणजे पाऊस आहेच, त्यामुळे फळ्यांवर खरखरीत पट्ट्या किंवा वाळू मिसळलेला पेंट नाही मारला तर तो रॅम्प म्हणजे घसरगुंडी होते. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ खातात ते खांब. जमीन कधीच सपाट नसते, एका कोपऱ्यात मूळ निघतं, दुसरीकडे कोणीतरी पुरलेली स्प्रिंकलरची लाइन निघते, आणि तोपर्यंत फळ्या कापणारे लोक हात बांधून उभे.

हा उपक्रम १९९३ पासून चालूय. फोटोसाठी एक दोन वर्षं करतात, तीस वर्षं नाही करत कोणी. बॅनर लावतात, टी-शर्ट घालतात, फोटो काढतात, हे सगळं खरं. पण आजी दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या स्वतः बाहेर येतात हेही खरंच ना.

मेंबरशिपचं म्हणाल तर नाही, ते क्वालिटीचं सर्टिफिकेट नाही. वर्गणी भरली, कागद दिले, आचारसंहितेवर सही केली, झालात मेंबर.

---

दीडशहाणा:

सुतारपक्षी यांनी छान लिहिलंय पण अर्धंच. मी यातल्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल बोलतो.

या संघटना टॅक्सच्या भाषेत ५०१(सी)(६) असतात. चॅरिटी जी असते ती ५०१(सी)(३). फरक असा की (सी)(६) चं कामच मुळी आपल्या धंद्याचं हित बघणं आहे, तिला लॉबिंग करायला जवळपास मोकळं रान आहे, आणि तिला दिलेले पैसे तुम्हाला डोनेशन म्हणून दाखवता येत नाहीत. रॅम्प आणि शेल्टरसारखी कामं करायला मग बऱ्याच संघटना बाजूला एक छोटं फाउंडेशन काढतात जे (सी)(३) असतं. दोन्हींचे फॉर्म ९९०, म्हणजे टॅक्स खात्याला द्यायचे वार्षिक हिशोब, पब्लिक असतात, कोणीही बघू शकतो. माझा सगळ्यांना सल्ला, कुठल्याही बिल्डर संघटनेचं समाजकार्य किती खोल आहे हे बघायचं असेल तर ब्रोशर बाजूला ठेवा आणि दोन्ही ९९० शेजारी शेजारी उघडा. फाउंडेशनमध्ये किती जातात, मूळ संघटनेचा खर्च किती, त्यातलं लॉबिंग किती. शिवाय आपल्या राज्यात पब्लिक डिस्क्लोजर कमिशनच्या साइटवर कोणी कोणत्या उमेदवाराला किती दिले तेही दिसतं. एक संध्याकाळ घालवा, करमणूक होते.

आणि लॉबिंग म्हणजे काय ते उदाहरणच देतो. राज्य पातळीवरची जी बिल्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ वॉशिंग्टन आहे ती इनिशिएटिव्ह २०६६ च्या मागे होती, म्हणजे लोकांच्या मतदानाला ठेवलेला तो नैसर्गिक गॅसवाला ठराव. सरकारने आणि शहरांनी घरातल्या गॅसवर बंधनं आणू नयेत असा तो ठराव, नोव्हेंबर २०२४ मध्ये थोडक्यात पास झाला, २०२५ मध्ये किंग काउंटीच्या कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. तुम्ही गॅसच्या बाजूचे असा की हीट पंपच्या, तो वाद सोडा. मुद्दा हा की एका समोरच्या आजींना रॅम्प मिळाला आणि त्याच वेळी सगळ्या राज्याची घरं कशी बांधायची यावर ही मंडळी करोडोंची लढाई लढत असतात. मग "समाजातली भूमिका" कशाला म्हणायची? मला विचाराल तर या दुसऱ्याला. रॅम्प चांगलेच आहेत, त्याबद्दल वादच नाही, पण ते त्यांच्या भूमिकेचा फार छोटा कोपरा आहे.

बाकी २०२३ मध्ये सिएटलने बांधकामाच्या जागेवरची झाडं तोडण्याबद्दल नवा नियम केला तेव्हाची भांडणं ज्यांनी बघितलीत त्यांना अबोलींच्या गल्लीतले लोक का भडकलेत ते वेगळं सांगायला नको.

---

सुतारपक्षी:

दीडशहाणे, बरोबर आहे, पण लोकल आणि राज्याची संघटना एकाच तराजूत घालू नका. माझ्या ओळखीतले कितीतरी लोकल मेंबर त्या गॅसच्या ठरावाच्या विरोधात होते. इथल्याच लोकल संघटनेने दोन्ही काउंट्यांबरोबर मिळून १९९९ मध्ये बिल्ट ग्रीन सुरू केलं, घराला स्टार देतात, इन्सुलेशन, पाणी, हवा, मटेरियल, सगळं धरून. वरचे स्टार हवे असतील तर बाहेरचा तपासनीस येऊन बघतो, बिल्डरच्या सांगण्यावर नाही मिळत. सिएटलमध्ये तर परमिट लवकर हवं असेल त्याचा एक रस्ता याच सर्टिफिकेटवरून जातो. म्हणजे यातही धंदा आहेच की, स्टारवालं घर विकलं जातं! पण घरात राहणाऱ्याचं बिल कमी येतं त्याला काय त्याचं.

---

मीनाकाकू:

सगळ्यांचं वाचलं. मी स्पष्टच लिहिते, राग मानू नका कोणी.

आम्ही इकडे आलो तेव्हा साध्या पगारात घर घेता आलं. आता माझ्या मुलीला आणि जावयाला दोघांना चांगल्या नोकऱ्या असून सुद्धा जवळपास घर परवडत नाही, ते दीड तास लांब राहतात आणि मला नातवंडं वीकेंडला दिसतात. ज्या गल्लीतले लोक "आमच्या गल्लीचं कॅरेक्टर बिघडेल" म्हणून कौन्सिलमध्ये जातात ते सगळे माझ्यासारखेच आहेत, घर असलेले. ज्यांना घर नाही ते मंगळवारी संध्याकाळी सुनावणीला येत नाहीत कारण ते तेव्हा हायवेवर अडकलेले असतात. मग त्यांच्या बाजूने बोलायला उरतं कोण? बिल्डर. स्वतःच्या फायद्यासाठी बोलतात हो, मला काय कळत नाही का, पण बोलतात तरी.

आणि हे एकटे बिल्डर नव्हते. २०२३ मध्ये विधिमंडळाने जो एचबी १११० पास केला, ज्याच्यामुळे हे सगळं सुरू आहे, त्याच्या मागे पर्यावरणवाले होते, कामगार संघटना होत्या, परवडणाऱ्या घरांसाठी काम करणारे होते आणि बिल्डरही होते, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक. ७५,००० च्या वर लोकवस्तीच्या शहरात एका प्लॉटवर चार घरांना परवानगी, मोठ्या ट्रान्झिट स्टॉपजवळ किंवा दोन घरं परवडणारी ठेवली तर सहा. लहान शहरांना कमी. आपल्या भागातल्या शहरांना जून २०२५ अखेरपर्यंत आपापले नियम त्याप्रमाणे बदलायचे होते, अबोली, तुझ्या कौन्सिलमधली सुनावणी बहुतेक त्यातलीच. म्हणजे तो असोसिएशनवाला नसता आला तरी कायद्याने शहराला ते करावंच लागलं असतं, तो फक्त बारीकसारीक गोष्टींवर बोलत असणार, पार्किंग किती, उंची किती, पुढे किती जागा सोडायची. घर बांधलं जाणार की कागदावरच राहणार हे तिथेच ठरतं, आणि ते ज्यांना रोज बांधायचंय त्यांनाच कळतं.

हां, आता एका गोष्टीत मी दीडशहाणे यांच्या बाजूने आहे. इम्पॅक्ट फी. नवीन घरं आली की शाळा, रस्ते, पार्क यांच्यावर भार येतो म्हणून शहर बिल्डरकडून फी घेतं आणि ही फी वाढवायची म्हटलं की यांचा आरडाओरडा ठरलेला, घरं महाग होतील म्हणून. खरंही आहे ते थोडं. पण मग शाळेतल्या पोर्टेबल वर्गांचे पैसे कोणी द्यायचे? यावर मला कुठल्याच बिल्डरकडून धड उत्तर मिळालेलं नाही आजवर.

---

खडूस_भाऊ:

अबोली, तुमचा जो मधला प्रश्न आहे ना, मेंबर म्हणजे चांगला का, त्यावर कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आधी आम्ही दुसऱ्या राज्यात होतो, तिथे एका मेंबर कॉन्ट्रॅक्टरकडून डेक करून घेतला. डेक जिथे घराला जोडतात तिथे फ्लॅशिंग म्हणजे पत्र्याची पट्टी लागते पाणी आत जाऊ नये म्हणून, ती त्या पठ्ठ्याने घातलीच नाही. दोन पावसाळी हिवाळे गेले आणि आतली भिंत फुगली, उघडून बघतो तर लाकूड बोटाने उकरता येत होतं. फोन उचलेना. मी तिथल्या असोसिएशनला मेल केली, त्यांचं फार गोड उत्तर आलं की आम्ही तुमचा निरोप मेंबरपर्यंत पोचवू, पण कराराच्या वादात आम्हाला पडता येत नाही. झालं. निरोप पोचला असेलही. तेव्हा मी चिडलो होतो, आता विचार करतो की वर्गणी त्याने भरलेली, माझी नाही, ते कोणाचं ऐकणार.

आता इथे वॉशिंग्टनमध्ये काय करायचं ते सांगतो. एल अँड आय, म्हणजे लेबर अँड इंडस्ट्रीज या राज्य सरकारच्या खात्याच्या साइटवर कॉन्ट्रॅक्टर व्हेरिफाय करायची सोय आहे, नाव टाका, रजिस्ट्रेशन चालू आहे का, बाँड (काम बिघडलं तर भरपाईसाठीची हमी) आहे का, इन्शुरन्स आहे का, बाँडवर कोणी दावा केलाय का, सरकारचे पैसे थकवलेत का, सेफ्टीचे दंड आहेत का, सगळं दिसतं. बिल्डर अनेकदा प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी काढतात, तेव्हा ब्रोशरवरचं नाव टाकून समाधान मानू नका, अॅग्रीमेंटवर जे नाव आहे ते टाका.

पण एक लक्षात ठेवा की आपल्या राज्यात जनरल कॉन्ट्रॅक्टरला परीक्षा नाही. रजिस्ट्रेशन म्हणजे बाँड, इन्शुरन्स आणि फी. त्याला भिंत सरळ बांधता येते का हे कोणी तपासलेलं नसतं. बाँड जुलै २०२४ पासून ३०,००० डॉलरचा केलाय, आधी फक्त १२,००० होता, आणि तोही त्याच्या सगळ्या कामांवर मिळून एकच. तुमच्या आधी चौघांनी दावा टाकला असेल तर तुमच्यापर्यंत काय पोचणार. बाँडवर दावा सुपीरियर कोर्टात टाकावा लागतो, स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या कोर्टात) नाही, हे पण आधी कळलेलं बरं.

नवीन घर असेल तर वॉरंटी लेखी मागा आणि ती कुठल्या मापावर चालते ते विचारा. एनएएचबीच्या परफॉर्मन्स गाइडलाइन्स असतात, तडा किती रुंद झाला की दुरुस्ती करायची, फरशी किती उतरती चालेल, असली मापं, आणि पुष्कळ वॉरंट्या त्याचाच आधार घेतात. बिल्डरांच्या संघटनेने केलेली मापं आहेत हे ध्यानात ठेवून वाचा, पण वाचाच, कारण नंतर भांडताना तुम्ही दोघं त्याच पानावर बोट ठेवणार आहात. आणि ड्रायवॉल, म्हणजे आतल्या भिंतींचे जिप्समचे तक्ते लावायच्या आधी स्वतःचा इन्स्पेक्टर पाठवून आतून बघून घ्या. चारशे पाचशे डॉलर जातील, जाऊ देत. सेल्सवाली नाही म्हणाली तर मी असतो तर तिथूनच परत फिरलो असतो.

---

दीडशहाणा:

+१. यातलं काही असोसिएशनच्या वेबसाइटवर ठळक दिसत नाही, तिथे फक्त "मेंबर शोधा".

---

ओसी_मधला:

इकडे ऑरेंज काउंटीतून थोडी भर घालतो. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या बिल्डर संघटनेने १९८९ मध्ये होमएड सुरू केलं, बेघर लोकांसाठी. रॅम्पपेक्षा हे मोठं प्रकरण आहे कारण इथे पूर्ण बिल्डिंगा बांधतात किंवा जुन्या दुरुस्त करतात. पद्धत मला आवडली. एखादी मोठी बिल्डर कंपनी "बिल्डर कॅप्टन" होते, म्हणजे प्रोजेक्टची सगळी जबाबदारी तिच्यावर, मग ती आपल्या नेहमीच्या सबकॉन्ट्रॅक्टरांना आणि सप्लायरना सांगते की यातलं इतकं फुकट दे, इतकं कॉस्टला दे. आणि तो सबकॉन्ट्रॅक्टर नाही कसा म्हणेल, त्याला वर्षभर त्याच बिल्डरकडून काम हवंय! म्हणजे प्रेमाने का दबावाने देव जाणे, पण काम होतं. शेल्टर बांधून झालं की ते चालवायचं काम ज्या संस्थेला त्याचा अनुभव आहे तीच करते. माझ्या मते यांचं सगळ्यात शहाणपणाचं काम म्हणजे हेच की आपल्याला जे येत नाही त्यात ते हात घालत नाहीत.

गरजूंना घरं बांधून देणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेचं पण एक असतं, होम बिल्डर्स ब्लिट्झ, २००६ पासून देशपातळीवर. एरवी हॅबिटॅटचं घर शनिवार रविवारच्या व्हॉलंटिअरांच्या भरवशावर कित्येक महिने चालतं, ब्लिट्झमध्ये धंद्यातले लोक येतात आणि आठवड्यात घर उभं. मी एकदा बघायला गेलो होतो, छताचे ट्रस क्रेनने चढवताना तीन कंपन्यांचे सुपरवायझर एकाच वेळी एकाच क्रेनवाल्याला ओरडून सूचना देत होते, तो बिचारा शेवटी इंजिन बंद करून सँडविच खात बसला, म्हणाला आधी तुमचं ठरवा :)

---

पर्वती_पायथा:

अवांतर होईल पण राहवत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात हे जरा उलट झालंय. महारेराने २०१९ पासून प्रोजेक्ट रजिस्टर करायला बिल्डरला मान्यताप्राप्त संघटनेचं मेंबर असणं सक्तीचं केलंय, क्रेडाई, नरेडको वगैरे. आणि तक्रारीसाठी सलोखा मंच आहे तिथे ग्राहकांच्या संस्थेचा एक माणूस आणि बिल्डर संघटनेचा एक माणूस शेजारी बसून दोन्ही बाजू ऐकतात. म्हणजे खडूसभाऊंना जे गोड उत्तर आलं त्याच्या एक पायरी तरी पुढे. सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही, तडजोड झालेली पाळत नाहीत असेही असतात. पण तिकडे अमेरिकेत संघटना सगळी ऐच्छिक आणि तक्रारीचं खातं वेगळ्याच ऑफिसात, हे वाचून नवल वाटलं. माझा समज होता की तिकडे सगळं कडक असतं.

---

सुतारपक्षी:

खडूसभाऊंच्या डेकबद्दल वाचून वाईट वाटलं. फ्लॅशिंग न घालणारा माणूस मेंबर असू शकतो, हे मान्य. संघटनेने अशांना काढायला हवं असं मी पण मीटिंगमध्ये बोललोय, पण गोची अशी की वर्गणीवर चालणारी संस्था मेंबर काढायला कायम बिचकते, आणि काढलं तर तो वकील घेऊन येतो. पुढे काही होत नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्या चर्चेत राहून गेली, ती म्हणजे पोरांचं ट्रेनिंग. मला वाटतं पुढच्या दहा वर्षांत या संघटना कामाच्या होत्या का नव्हत्या हे यावरूनच ठरेल. आमच्याकडचे चांगले फ्रेमर (घराचा लाकडी सांगाडा उभारणारे) सगळे पन्नाशीच्या पुढचे, गुडघे गेलेले. हायस्कूलमधून वर्कशॉप बंद पडले आणि सगळ्यांना कॉलेजला पाठवायचं ठरलं, आता आम्हाला लेव्हल धरता येणारा मुलगा मिळत नाही. एनएएचबीची होम बिल्डर्स इन्स्टिट्यूट आहे, ती पॅक्ट म्हणून प्री-अॅप्रेंटिसशिपचा कोर्स चालवते, शाळांत, जॉब कोअरमध्ये (तरुणांसाठीच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रांत), सैन्यातून परत आलेल्यांसाठी. लोकल संघटना काय करतात तर स्कॉलरशिप देतात, शाळेला हत्यारं देतात, साइटवर फिरवून आणतात. हे काम फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून त्याला पैसे कमी पडतात. रॅम्पला स्पॉन्सर लगेच मिळतो. टेबल सॉच्या ब्लेडला मिळत नाही.

मीनाकाकू, इम्पॅक्ट फीचं उत्तर माझ्याकडेही नाही. आमच्या मीटिंगमध्ये तो विषय निघाला की लोक कॉफी आणायला उठतात.

---

अबोली:

बाप रे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री खडूसभाऊंनी सांगितलं तसं अॅग्रीमेंटवरचं नाव एल अँड आयवर टाकलं. एलएलसी निघाली मागच्या वर्षीचीच! बाँड आहे, दावे नाहीत, पण मागच्या वर्षीच जन्मलेल्या कंपनीवर दावे असणार कुठून. मग मूळ कंपनीचं नाव टाकलं, तिच्यावर एक जुना दावा दिसतोय, मिटलेला. आता सेल्सवालीला विचारणार आहे की तो कशाचा होता, बघू तिचा चेहरा. इन्स्पेक्टरचं पण विचारते.

गल्लीतल्या मंडळींना एचबी १११० चं सांगायचा प्रयत्न केला, एका काकांनी मलाच विचारलं की तू पण बिल्डरकडून पैसे घेतेस का.

शेवटचा प्रश्न, नवऱ्याला रॅम्पला पाठवायचं म्हटलं तर त्याला खरंच काही येत नाही, इकेआचं कपाट लावताना दोन स्क्रू उरतात आमच्याकडे. अशा माणसाचा तिथे उपयोग आहे की अडचण?

---

सुतारपक्षी:

उपयोग आहे, पाठवा बिनधास्त. प्रत्येक साइटवर कापणारे आणि स्क्रू मारणारे आमचेच लोक असतात, नवीन माणसाला सॉ देतच नाहीत, इन्शुरन्सचाही प्रश्न असतो. पण लाकूड ट्रकवरून अंगणात वाहायचं, खड्ड्यातली माती काढायची, काँक्रीटची पिशवी आणून द्यायची, फळ्यांमध्ये सारखी फट राहावी म्हणून मध्ये पट्टी धरायची, शेवटी रेलिंगवरून सँडपेपर फिरवायचा, यात निम्मा दिवस जातो आणि त्याला माणसं कमीच पडतात. रेलिंगचं काम तर त्यालाच द्या म्हणावं, कारण ते नीट व्हायला घाई नसलेला माणूस लागतो. त्या लाकडाचं कुसळ हातात गेलं की फार त्रास होतो, आणि ज्यांना तो रेल धरून वर जायचंय त्यांची कातडी म्हातारपणाने पातळ झालेली असते.

फॉर्म साधारण वसंतात निघतात, असोसिएशनच्या साइटवर बघत राहा. वेव्हरवर (इजा झाली तर संघटना जबाबदार नाही अशा कागदावर) सही करावी लागेल. बूट पुढून कडक असलेले घालायला सांगा, स्नीकर्समध्ये आला तर साइटवरून परत पाठवतात, आणि रेनकोट पाहिजेच. ऑफिसचे तास भरायचा कागद त्याने सकाळीच क्रू लीडरकडून सही करून घ्यावा. दुपारनंतर सगळे पळतात, सही करायला कोणी सापडत नाही.